मांजरसुंब्यातून थेट बर्फात गाडी न्यायची म्हणताय? आधी टायरचं गणित समजून घ्या

मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहिलं की चारी दिशांना रस्ते फुटतात. एक बीडकडं, एक चौसाळ्यावरून धाराशिव-सोलापूरकडं, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईकडं आणि एक पाटोद्यावरून अहिल्यानगरकडं. यातला बीड-सोलापूरचा जो रस्ता आहे ना, तो साधासुधा नाही. तो आहे राष्ट्रीय महामार्ग ५२. कर्नाटकात समुद्रकिनाऱ्यावरच्या अंकोल्यापासून निघतो, हुबळी, विजयपूर, सोलापूर, बीड, संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिस्सार करत थेट पंजाबातल्या संगरूरला जाऊन टेकतो.

म्हणजे काय, तर मांजरसुंब्यात महामार्गाला लागलेली गाडी हा नंबर न सोडता पंजाबात पोहोचू शकते. आणि पंजाबच्या पुढं काय आहे? हिमाचल. मनाली. बर्फ.

म्हणूनच डिसेंबर उजाडला की पोरांच्या ग्रुपवर प्लॅन सुरू होतात. "विमान कशाला, आपलीच गाडी काढू. चार जण आहोत, आळीपाळीनं चालवू." दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, रील्स बघून डोक्यात बसलेला अटल बोगदा आणि गाडीच्या टपावर बर्फ असलेला फोटो. प्लॅन भारी आहे. पण या प्लॅनमध्ये एका गोष्टीवर कुणीच बोलत नाही.

ती गोष्ट म्हणजे टायर.

मराठवाड्यात ४० डिग्रीत पळणारं टायर बर्फावर चालतं का? विंटर टायर नावाची भानगड नेमकी काय असते? आपल्याकडून निघताना ते बसवायचं का? गाडीत अजून काय तयारी लागते? आणि मुळात गाडी कुठपर्यंत न्यावी? सगळं एकेक करून बघू.

आधी हे प्रकरण किती गंभीर आहे ते बघा

२३ डिसेंबर २०२४. मनालीच्या वर सोलंग ते अटल बोगद्यादरम्यान बर्फ पडला आणि सुमारे हजार गाड्या रस्त्यात अडकल्या. पोलिसांनी जवळपास ७०० पर्यटकांना तिथून बाहेर काढलं. त्या दिवसांतले व्हिडिओ तुम्ही पाहिलेही असतील. गाडी जागेवरून आपोआप घसरत चाललीय, ब्रेक दाबून उपयोग नाही आणि ड्रायव्हर दार उघडून उडी मारतोय. यात फोर बाय फोर गाड्यापण होत्या.

त्याआधीचं एक उदाहरण शेजारच्या देशातलं आहे. ७ आणि ८ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला लोकांची झुंबड उडाली. रात्रीत वादळ आलं, रस्ते बंद झाले आणि हजारो गाड्या जागच्या जागी अडकल्या. गाडीतच बसून राहिलेल्या किमान २२ जणांचा जीव गेला. नुसत्या थंडीनं नाही, तर अनेकांच्या बाबतीत गाडीत साचलेल्या विषारी वायूनं. तो वायू कसा साचतो आणि काय करायचं, ते पुढं सांगतोच.

साधं टायर बर्फावर का फेल जातं?

टायर रबराचं असतं आणि रबर तापमानाप्रमाणं स्वभाव बदलतं. आपल्याकडं मिळणारी टायर गरम हवामानासाठी बनवलेली असतात. डांबर तापलं तरी रबर वितळल्यासारखं मऊ पडू नये, लवकर झिजू नये, म्हणून त्याचं मिश्रण थोडं कडक ठेवलेलं असतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला हे एकदम बरोबर आहे.

पण तापमान ७ डिग्रीच्या खाली गेलं की हेच रबर ताठरायला लागतं. रस्त्याला धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते. शून्याच्या खाली तर आणखीनच. म्हणजे बर्फ पडलेला नसला, रस्ता नुसता गार असला, तरी साध्या टायरची पकड ढिली होते.

विंटर टायर इथंच वेगळं ठरतं. त्याच्या रबरात सिलिकाचं प्रमाण आणि मिश्रण असं असतं की कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहतं. दुसरं म्हणजे त्याची नक्षी. खाचा खोल असतात आणि प्रत्येक गठ्ठ्यावर ब्लेडनं कापल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा असतात. चाक फिरलं की या चिरा उघडतात, बर्फ धरतात आणि त्या कडांवर गाडी पकड घेते. खोल खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाला बर्फ चिकटतो, त्याचाही फायदा होतो.

ही कल्पना नवी नाही. फिनलंडमध्ये १९३४ ला, आजच्या नोकियन टायर्सच्या पूर्वजाच्या कारखान्यात, ट्रकसाठी जगातलं पहिलं विंटर टायर बनलं. दोन वर्षांनी, १९३६ ला, त्यांनी कारसाठीचं टायरही आणलं.

ब्रेक दाबल्यावर गाडी किती लांब जाते?

याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रानं काढता येतो. समजा गाडी ताशी ४० किलोमीटरनं चाललीय आणि तुम्ही पूर्ण ब्रेक दाबला. साधं टायर धरलं तर ढोबळ अंतरं अशी येतात :

- कोरडा डांबरी रस्ता : सुमारे ९ मीटर
- ओला रस्ता : सुमारे १६ मीटर
- दाबलेला बर्फ : सुमारे ३० मीटर
- काचेसारखा गोठलेला रस्ता : ६० मीटरच्या पुढं

म्हणजे मांजरसुंब्याच्या घाटात जिथं गाडी दोन कारच्या लांबीत थांबली असती, तिथं गोठलेल्या रस्त्यावर ती क्रिकेटच्या तीन खेळपट्ट्यांएवढी घसरत जाईल. आणि हे सपाट रस्त्यावर. उतारावर तर याहून जास्त.

आता इथं एक मोठा गैरसमज आहे. "आपली फोर बाय फोर आहे, काय टेन्शन नाही." फोर बाय फोरमध्ये चारही चाकांना ताकद मिळते, त्यामुळं गाडी निघते चांगली, चढते चांगली. पण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतो. थांबताना फोर बाय फोरचा काडीचा फायदा नाही. थांबवतं ते टायर.

विंटर टायर ओळखायचं कसं?

टायरच्या बाजूच्या भिंतीवर बघायचं. तिथं मुख्यतः दोन खुणा असू शकतात.

पहिली, 'एम प्लस एस'. याचा अर्थ चिखल आणि बर्फ. पण ही खूण कंपनी स्वतःच टाकते, त्यासाठी बर्फावरची ठरलेली परीक्षा पास करावी लागत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींच्या टायरवर ही खूण असते आणि लोकांना वाटतं आपलं टायर बर्फाचं आहे. तसं नसतं.

दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल. ही खूण बर्फावर घेतलेल्या चाचणीत पास झालेल्या टायरलाच मिळते. खरं विंटर टायर हेच.

याच्या मधला प्रकार म्हणजे ऑल सीझन टायर. त्यातल्या काहींवर डोंगर आणि बर्फाच्या फुलाची खूण असते, काहींवर नसते. खूण असेल तर हलक्या बर्फात काम भागतं, पण कडक हिवाळ्यात विंटर टायरची बरोबरी होत नाही.

खरेदी करताना अजून चार गोष्टी बघायच्या :

साईज. टायरवर '१९५/६५ आर १५' असं काहीतरी लिहिलेलं असतं. १९५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्याच साईज घ्यायच्या.

वय. 'डॉट' या खुणेच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२४ असेल तर टायर २०२४ च्या ३२ व्या आठवड्यात बनलंय. बर्फासाठी जुनं, कडक झालेलं टायर घेण्यात अर्थ नाही.

खाचांची खोली. भारतात कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर असायला लागतात. खाचांच्या तळाशी असलेली छोटी पट्टी वरच्या रबराच्या पातळीला आली की टायर संपलं. पण हा आकडा साध्या रस्त्यासाठी ठीक आहे. बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या खाली गेलेलं टायर नको, असं जाणकार सांगतात.

चारही टायर. पैसे वाचवायला दोनच विंटर टायर टाकायची नाहीत. पुढं पकड आणि मागं नाही, अशी गाडी वळणावर मागून फिरते.

मग बीडमधूनच विंटर टायर टाकून निघायचं का?

सरळ उत्तर, नाही.

जे रबर थंडीत मऊ राहायला बनवलंय, ते आपल्या उन्हात जास्तच मऊ होतं. ते भराभर झिजतं, गरम कोरड्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि वळणावर गाडी लिबलिबीत वाटते. आठवड्यातले दोन दिवस बर्फात जायचं म्हणून येऊन-जाऊन चार हजार किलोमीटर गरम डांबरावर विंटर टायर झिजवणं म्हणजे घोंगडं पांघरून उन्हात नांगरायला जाण्यासारखं आहे.

शिवाय आपल्याकडच्या दुकानांत ती सहज मिळत पण नाहीत. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारनं टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, त्यामुळं परदेशी बनावटीची टायर शोधणं आणखी अवघड झालं. काश्मीर, लडाखकडं हिवाळाभर राहणारे लोक विंटर टायर वापरतात आणि तिकडच्या दुकानांत ती मिळतात. तिथं नोकरीला असणाऱ्यांनी, तिथंच गाडी ठेवणाऱ्यांनी नक्की घ्यावीत.

पर्यटकासाठी दोन रस्ते उरतात.

एक, चेन. बर्फात चाकाला गुंडाळायची साखळी. काही नियम पक्के लक्षात ठेवा. चेन टायरच्या साईजचीच पाहिजे. ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते त्यांना लावायची, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांना. लावल्यावर थोडं अंतर जाऊन परत आवळायची. वेग ३० ते ४० च्या पुढं न्यायचा नाही. आणि कोरडा रस्ता लागला की काढून टाकायची, नाहीतर चेन तुटते, टायर आणि रस्ता दोन्ही खराब होतात. काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शनमध्ये जागा कमी असते, तिथं चेन लावू नका असं पुस्तिकेतच लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आणि चेन लावायचा सराव घरी, अंगणात, उजेडात करून जा. गोठलेल्या बोटांनी अंधारात ते पहिल्यांदा जमत नाही.

दोन, गाडी खालीच ठेवणं. हा सगळ्यात शहाणा पर्याय. काश्मीरमध्ये गुलमर्गला जाताना तंगमर्गच्या पुढं बर्फ असेल तर चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्यांनाच सोडतात. लोक खाली गाडी लावतात आणि तिथल्या ड्रायव्हरची गाडी करतात. ज्याचा रोजचा रस्ता आहे, त्याला कुठलं वळण सावलीत गोठतं हे पाठ असतं. मनालीतही हेच करता येतं. त्या गाडीचं भाडं आपल्या बंपरच्या खर्चापेक्षा कमीच असतं.

गाडीची बाकीची तयारी

बर्फात घुसायचं नसलं तरी थंडीत गाडी रात्रभर उभी राहणारच आहे. त्यामुळं हे सगळं निघायच्या आधी करून घ्या.

कूलंट. आपल्याकडं रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय असते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. रेडिएटर तर फुटतोच, इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकू शकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३५ डिग्रीपर्यंत गोठत नाही. गॅरेजवाल्याला सांगून पूर्ण बदलून घ्या.

डिझेल. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. थंडीत ते घट्ट होतात, फिल्टर चोंदतो आणि गाडी सुरूच होत नाही. याच कारणानं इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं. आपण करायचं एवढंच, की बीडमध्ये भरलेली टाकी तशीच वर न्यायची नाही. टाकी रिकामी होत आली की डोंगराच्या पायथ्याला, तिथल्या पंपावर भरायची.

बॅटरी. उणे १८ डिग्रीच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते. आपल्याकडं सकाळी कुरकुरणारी बॅटरी तिथं नक्की दगा देणार. तीन-चार वर्षं झाली असतील तर आधी तपासून घ्या. जम्पर केबल सोबत ठेवा.

हँडब्रेक. ओल्या गाडीचा हँडब्रेक रात्रभर ओढून ठेवला तर तो गोठून चिकटू शकतो. गाडी सपाट जागी लावा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

काच. वायपर उभे करून ठेवा, नाहीतर रबर काचेला चिकटतं. सकाळी काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी कधीच ओतायचं नाही, काच तडकते. प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा. वायपरच्या टाकीतलं साधं पाणीपण गोठतं, त्यात न गोठणारं लिक्विड भरा.

हवा. हे गणित भारी आहे. आपल्याकडं ३० डिग्रीत ३३ पीएसआय हवा भरली आणि गाडी उणे १० मध्ये नेली, तर नुसत्या थंडीनं हवा साधारण ६ पीएसआयनं कमी होते. पण उंचीवर बाहेरचा हवेचा दाबच कमी असतो. अटल बोगदा ३,००० मीटरच्या वर आहे. त्यामुळं तिथं गेजवर साडेतीन पीएसआयच्या आसपास वाढल्यासारखे दिसतात. दोन्हीची वजाबाकी करून तुमचं टायर ३० च्या जवळपास दाखवेल. म्हणून वर गेल्यावर सकाळी, गाडी हलवायच्या आधी हवा तपासून पुस्तिकेतल्या आकड्याला आणा. आणि खाली उतरल्यावर परत तपासा, कारण तिथं भरलेली हवा इथं तीनेक पीएसआय जास्त होते.

बर्फावर चालवताना

निघताना दुसऱ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडा, चाक जागेवर फिरत नाही. स्टीअरिंग, ब्रेक, रेस, यातलं काहीही झटक्यात करायचं नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी धरा. घाटात गाडी न्यूट्रल करून सोडणारे बहाद्दर आपल्याकडं आहेत. ते आपल्या घाटातही चुकीचं आहे, तिथं तर जीवघेणं आहे.

एबीएस असलेल्या गाडीत पूर्ण ब्रेक लावल्यावर पायाखाली थरथर जाणवते. घाबरून पाय काढू नका, ते एबीएसचं काम चाललेलं असतं. मागचा भाग घसरला तर ब्रेक न मारता, रेस सोडून, जिकडं जायचंय तिकडं स्टीअरिंग वळवा.

सगळ्यात फसवा असतो तो न दिसणारा बर्फ. पूल, सावलीतली वळणं आणि बोगद्याची तोंडं, इथं डांबर नुसतं ओलं वाटतं, पण वर बर्फाचा पारदर्शक थर असतो. पहाटे आणि सूर्य मावळल्यावर असल्या रस्त्यावर जाऊच नका.

आणि अडकलात तर?

गाडी सोडून अंधारात चालत सुटू नका. पण हिटर लावून काचा बंद करून झोपूही नका. मरीमध्ये नेमकं हेच घडलं. बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजतं, धूर बाहेर न जाता गाडीखाली साचतो आणि आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला झोप लागते आणि तो उठतच नाही.

म्हणून सायलेन्सरभोवतीचा बर्फ सारखा काढत राहा. इंजिन सलग चालू ठेवू नका, तासात दहाएक मिनिटं पुरे. ते चालू असताना एक काच बोटभर उघडी ठेवा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर लगेच इंजिन बंद आणि दारं उघडी. गाडीत कायम ब्लँकेट, पाणी, खाणं, टॉर्च, छोटं फावडं, पॉवर बँक आणि निम्म्याहून जास्त भरलेली टाकी ठेवा.

परदेशात जाणाऱ्यांनी हे वाचाच

आपल्या भागातली पोरं आता परदेशातही गाड्या चालवतायत. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात ड्रायव्हरची कामंही होती. तिथं नियम कडक आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर विंटर टायरशिवाय गाडी चालवता येत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि बर्फाच्या फुलाची खूण असलेलंच टायर चालतं. नुसतं 'एम प्लस एस' चालत नाही. पकडलं तर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. तिकडं टायर बदलायचा साधा हिशोब म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचंच आहे, बर्फ पडो न पडो.

आणि जे कुठंच जाणार नाहीत त्यांचं काय?

आपल्याकडं बर्फ नाही, पण टायर तर आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा शेतं पांढरी पडली होती. रस्त्यावर गारांचा थर असेल तर तो बर्फासारखाच निसरडा असतो. तिथं एकच उपाय, बाजूला थांबणं.

आपला खरा शत्रू आहे ऊन. आणि त्यातही हवा कमी असलेलं टायर. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी भरणारे बरेच जण आहेत. होतं उलटं. हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त वाकतात, वाकून तापतात आणि तापून फुटतात. हवा पुस्तिकेतल्या आकड्याएवढीच आणि टायर गार असताना भरायची. नायट्रोजन भरला म्हणजे टायर फुटत नाही, असंही नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा हवा तपासणं त्यापेक्षा जास्त कामाचं.

थोडक्यात काय, तर मांजरसुंब्यातून गाडी जरूर काढा. कूलंट बदला, बॅटरी तपासा, टायरच्या खाचा बघा, चेन लावायला शिका. आणि वर पोलिसानं हात दाखवून "आगे रास्ता बंद है" असं सांगितलं, तर वाद न घालता गाडी फिरवा. बर्फ पुढच्या वर्षीही पडणार आहे.